परजीवी रक्तात, बेशुद्धी मेंदूत!

सोलापूरकराला पाणी साठवायला कुणी शिकवावे लागत नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी धांदलीचा दिवस. हौद, रांजण, पिंपे, गच्चीवरची टाकी, सारे काठोकाठ भरून घ्यायचे आणि पुढचे चार-पाच दिवस त्यावर काढायचे. भीमेवर उजनीचे धरण झाले, तरी ही सवय मोडलेली नाही. माणसाइतकीच ती आणखी एका प्राण्याच्या पथ्यावर पडते. त्याचे नाव ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. गटारातल्या घाण पाण्याकडे हा डास ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या मादीला अंडी घालायला लागते ते आपल्या पिण्याचे स्वच्छ, साठवलेले पाणी! उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा, असे आरोग्य खात्याची माणसे दारोदार सांगत फिरतात, ते याच हिशेबाने.

शहरातला हा डास जो हिवताप पसरवतो, तो बहुधा व्हायवॅक्स जातीच्या परजीवीचा. हुडहुडी भरते, ताप फणफणतो, घाम येऊन उतरतो आणि एका दिवसाआड पुन्हा येतो. माणूस बेजार होतो, पण योग्य औषध मिळाले तर सहसा उठून कामाला लागतो. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात, गोष्ट वेगळी आहे. तिथे दुसऱ्या जातीच्या परजीवीचे प्राबल्य आहे. त्याचे नाव प्लास्मोडियम फाल्सिपेरम. राज्यातल्या हिवतापाचा फार मोठा वाटा गेली कित्येक वर्षे एकट्या गडचिरोली जिल्ह्याच्या पदरी येतो, आणि त्यातही फाल्सिपेरमचाच भरणा.

मग सोलापूरच्या विद्यार्थ्याने त्याची काळजी का करावी? कारण माणसे प्रवास करतात. सोलापुरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. समजा, त्यातला एक जवान गडचिरोलीच्या बंदोबस्तावरून रजेवर घरी आला. आठवड्याने ताप चढला. घरच्यांना वाटले, प्रवासाचा शीण असेल. तिसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलू लागला, संध्याकाळी एक झटका आला आणि रात्री हाक मारली तरी डोळे उघडेना. याला म्हणतात मेंदूचा हिवताप. (आपण ज्याला मेंदूज्वर म्हणतो तो वेगळा. तो विषाणूंमुळे होतो.) अशा रुग्णाला उत्तम उपचार मिळाले तरी साधारणपणे पाचांत एक दगावतो. म्हणून शहाणा डॉक्टर तापाच्या रुग्णाला नाडी पाहता पाहताच विचारतो, "गेल्या महिन्यात कुठे गेला होतास?"

न शिरताच घरफोडी

आता या रोगातले कोडे पाहा. हिवतापाचे परजीवी राहतात तांबड्या रक्तपेशींच्या आत, आणि तांबड्या पेशी राहतात रक्तवाहिन्यांच्या आत. मेंदूच्या पेशी आणि रक्त यांच्यामध्ये एक पक्का अडसर असतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातली बरीचशी द्रव्ये पलीकडे जाऊच शकत नाहीत. हिवतापाचा परजीवीही हा अडसर ओलांडत नाही. म्हणजे चोर गल्लीतच उभा आहे, घराच्या भिंतीला भोकही पाडलेले नाही, आणि तरी घरातली माणसे बेशुद्ध! हे घडते कसे?

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये. मार्चियाफावा आणि बिग्नामी या दोन इटालियन वैद्यांनी हिवतापाने मेलेल्या माणसांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बारीक केशवाहिन्या परजीवीयुक्त तांबड्या पेशींनी ठासून भरलेल्या होत्या.

या निरीक्षणाचा पडताळा तुम्हालाही घेता येईल, आणि तोही मोठ्या गमतीशीर रीतीने. जवळच्या आरोग्य केंद्रातील प्रयोगशाळा-तंत्रज्ञांना विनंती करा. शिकवण्यासाठी जपून ठेवलेल्या रंगवलेल्या काचपट्ट्या त्यांच्याकडे असल्या, तर शिक्षकांबरोबर जाऊन त्या पाहा. व्हायवॅक्सच्या काचपट्टीवर परजीवीची सगळी वये दिसतात. नाजूक अंगठीसारखी बालके, वेडीवाकडी पसरलेली तरुण मंडळी, फुटायच्या बेतात आलेले प्रौढ. फाल्सिपेरमच्या काचपट्टीवर मात्र बहुधा अंगठ्याच अंगठ्या, आणि असलीच तर चंद्रकोरीच्या आकाराची नर-मादी रूपे. मधल्या वयाचे कुणीच नाही! शाळेत पहिलीचा वर्ग भरलेला, पण पाचवीपासून पुढचे सगळे वर्ग रिकामे दिसावेत, तसे. ती मुले मेली नाहीत, दुसरीकडे बसली आहेत. परजीवीच्या ४८ तासांच्या आयुष्यातले पहिले सोळा-वीस तास त्याची तांबडी पेशी रक्तातून फिरते. त्यानंतर ती एखाद्या खोलवरच्या बारीक वाहिनीच्या अस्तराला चिकटून बसते. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबात ती येणार कुठून?

चिकटते तरी कशाने? परजीवी आत वाढू लागला की तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर सूक्ष्म गाठी उठतात आणि त्यांवर परजीवीने बनवलेले एक लांबलचक प्रथिन डोकावू लागते. त्याच्या आवृत्त्या बनवणारी सुमारे साठ जनुके परजीवीजवळ असतात. एका वेळी तो बहुधा एकच आवृत्ती बाहेर काढतो. शरीराने ती ओळखली की दुसरी. वाहिनीच्या अस्तरावर या प्रथिनाला अडकायला खुंट्या असतात. त्यांपैकी एकीचे नाव आयकॅम-१. दुसरी एक खुंटी २०१३ साली उजेडात आली. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देण्याच्या कामात ती एरवी मदत करते. चिकटण्यात परजीवीचा फायदा उघड आहे. फिरत राहिला तर तो प्लीहेत जाईल, आणि प्लीहा म्हणजे रक्ताची गाळणी. खराब पेशी ती जाऊ देत नाही.

मग झाले की उत्तर! वाहिन्या तुंबल्या, प्राणवायू आणि साखर पोचेना, मेंदू बंद पडला. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी वीस टक्के वापरतो, तेव्हा त्याला तुंबलेल्या वाहिन्या कशा परवडतील? पण या उत्तरात एक खोट आहे. वाहिन्या खरोखरच बंद पडल्या असत्या, तर मेंदूचे भाग मेले असते आणि वाचलेले बहुतेक रुग्ण लुळेपांगळे झाले असते. प्रत्यक्षात वाचलेल्यांपैकी पुष्कळ जण दोन-तीन दिवसांनी झोपेतून उठावे तसे उठतात, आईला ओळखतात, खायला मागतात. तेव्हा नुसते तुंबणे पुरेसे नाही. दुसरे कुणीतरी या कटात सामील असले पाहिजे.

गिरणीचा भोंगा

हा दुसरा साथीदार आपल्याच शरीरातला निघाला.

सोलापुरातल्या वडीलधाऱ्या माणसांना जुन्या गिरणीचे, लक्ष्मी-विष्णू गिरणीचे भोंगे आठवत असतील. आता त्या गिरण्या बंद पडल्या, पण एकेकाळी सारे शहर भोंग्यावर चाले. भोंगा वाजला की विणकर मागाकडे धावे, जॉबर पाळीची हजेरी घेई, हॉटेलवाला चहाचे आधण ठेवी आणि घरात आई डबा भरून देई. गंमत पाहा, भोंगा कुणालाच काही सांगत नसे. तो नुसता वाजे. ऐकणारा जो तो आपापले काम करी.

आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशीही असे भोंगे वाजवतात. हे भोंगे म्हणजे लहान लहान प्रथिने. त्यांना सायटोकाइन म्हणतात. 'सायटो' म्हणजे पेशी आणि 'काइन' हा भाग हालचाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. पेशींना हलवणारे, कामाला लावणारे रेणू. एखाद्या पेशीने तो रेणू सोडला की तो दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणूवर जाऊन बसतो. ग्राहक म्हणजे त्या पेशीचा कान समजा. एकच सायटोकाइन मेंदूतल्या तापमान-केंद्राला ऐकू गेला तर ताप चढतो, अस्थिमज्जेला ऐकू गेला तर रक्त बनवण्याचे काम मंदावते, वाहिनीच्या अस्तराला ऐकू गेला तर...? ते पुढे पाहू.

यांतला सर्वांत गाजलेला रेणू टी.एन.एफ. त्याचे पूर्ण नाव मराठीत सांगायचे तर 'गाठ कुजवणारा घटक'. हिवतापाशी या नावाचा काय संबंध? नावामागे एक जुनी गोष्ट आहे. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कमधले शस्त्रवैद्य विल्यम कोली यांनी पाहिले की कर्करोगाच्या काही रुग्णांना त्वचेचा जंतुसंसर्ग होऊन खूप ताप आला, तर त्यांची गाठ कधी कधी विरघळते. ते मुद्दाम जंतू, आणि पुढे मारलेले जंतू, टोचू लागले. या प्रकारामागचा धागा हाती यायला १९७५ साल उजाडावे लागले. एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जंतू गाठ कुजवत नाहीत. जंतूंमुळे उंदराच्या रक्तात एक द्रव्य सुटते आणि ते गाठ कुजवते. तेच टी.एन.एफ. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्येच दुसरे एक पथक रोगाने झिजत जाणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करत होते. परजीवीची लागण झालेला प्राणी थोड्याशा परजीवींनीही खंगून का मरतो, हा त्यांचा प्रश्न. खंगवणारे द्रव्य त्यांनी वेगळे काढले, त्याला कॅकेक्टिन असे नाव दिले, आणि १९८५ साली तपासतात तर काय, कॅकेक्टिन आणि टी.एन.एफ. एकच! एका दाराने गेलेल्याला तो तारक दिसला, दुसऱ्या दाराने गेलेल्याला मारक.

हिवतापाशी त्याचे नाते जोडले इयन क्लार्क या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने. १९८१ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की हिवतापाची लक्षणे परजीवी थेट निर्माण करत नाही. परजीवीला पाहून आपल्या भक्षक पेशी जी द्रव्ये सोडतात, त्यांचा तो परिणाम आहे. इटलीच्या गोल्जीने १८८०च्या दशकातच दाखवले होते की तांबड्या पेशी एकदम फुटून पिल्ले बाहेर पडतात, त्याच वेळी हुडहुडी भरते. आता मधली कडी मिळाली. पेशी फुटताना परजीवीचा कचरा रक्तात सांडतो, भक्षक पेशी तो गिळतात आणि भोंगा वाजवतात. पुढे कर्करोगावर उपचार म्हणून माणसांना शुद्ध टी.एन.एफ. टोचून पाहिले, तेव्हा त्यांना थंडी, ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ असे सारे काही झाले. एकही परजीवी नसताना हिवतापाची हुबेहूब नक्कल!

वाहिनीच्या अस्तराचे उत्तर आता देता येईल. टी.एन.एफ. ऐकू आला की अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर आयकॅम-१च्या खुंट्या वाढवतात. एरवी याचा उपयोग असा की त्या खुंट्यांना धरून पांढऱ्या पेशी वाहिनीतून बाहेर पडतात आणि जखमेपाशी पोचतात. पण फाल्सिपेरमने तीच खुंटी हेरून ठेवली आहे. म्हणजे परजीवी वाढला की भोंगा, भोंग्याने खुंट्या, खुंट्यांवर आणखी परजीवी, ते फुटले की पुन्हा भोंगा. शिवाय भोंग्याच्या सततच्या आवाजाने अस्तराच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते. अडसर पाझरू लागतो, पाणी मेंदूकडे झिरपते. परजीवी घरात शिरला नाही, पण घराच्या भिंतीला ओल आली.

उंदीर वाचले, म्हणून माणूस?

तर्क सुंदर होता. पुरावा हवा होता. १९८७ साली जिनिव्हाच्या जॉर्ज ग्राउ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका खास वाणाला हिवताप दिला. या उंदरांना आठवड्याभरात झटके येतात आणि ते मरतात. त्यांच्यापैकी काहींना टी.एन.एफ.ला निकामी करणारी प्रतिद्रव्ये टोचली. रक्तात परजीवी तितकेच राहिले, पण मेंदूचा आजार टळला! पाठोपाठ मलावी आणि गाम्बिया या आफ्रिकी देशांत मुलांचे रक्त तपासले गेले. जितका आजार गंभीर, तितका टी.एन.एफ. जास्त. मेंदूच्या हिवतापाने दगावलेल्या मुलांत तो सर्वांत जास्त.

आता कुणालाही वाटेल की औषध सापडलेच. भोंग्याची तोटी बंद करा, रुग्ण वाचला.

इथे थोडे थांबून एक जुना प्रयोग सांगितला पाहिजे, कारण वैद्यकातल्या मोलाच्या प्रयोगांपैकी तो आहे असे मला वाटते. सूज कमी करणारे डेक्सामेथासोन नावाचे औषध मेंदूच्या हिवतापात डॉक्टर सर्रास देत असत. मेंदूला सूज, म्हणून सुजेवरचे औषध, इतका सरळ विचार. थायलंडमध्ये डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० बेशुद्ध रुग्ण घेतले. काहींना औषध, काहींना तसेच दिसणारे नुसते पाणी. कुणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. १९८२ साली निकाल आला. मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच. मात्र वाचलेल्यांना शुद्धीवर यायला औषधाविना सरासरी ४७ तास लागले, तर औषध घेऊन ६३! शिवाय औषध घेतलेल्यांत फुप्फुसदाह आणि पोटातला रक्तस्राव अधिक. सद्हेतूने दिलेले औषध रुग्णाला नडत होते, आणि हा प्रयोग झाला नसता तर ते कळलेही नसते.

टी.एन.एफ.चीही अशीच परीक्षा गाम्बियात झाली. मेंदूचा हिवताप झालेल्या ६१० मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर टी.एन.एफ.विरुद्धचे प्रतिद्रव्य दिले. १९९६ साली निकाल छापून आला. ताप लवकर उतरला, म्हणजे प्रतिद्रव्य काम करत होते. पण मृत्यू? दोन्ही गटांत शंभरात सुमारे वीस. वाचलेल्यांत कायमचे मज्जासंस्थेचे दोष राहिलेली मुले नुसत्या नेहमीच्या औषधांच्या गटात शंभरात दोन, आणि प्रतिद्रव्याच्या गटात सुमारे सात.

असे का व्हावे? एक कारण वेळेचे. उंदरांना प्रतिद्रव्य मिळाले ते आजार उमटण्यापूर्वी. मूल रुग्णालयात येते ते बेशुद्ध झाल्यावर. भोंगा वाजून गेला, माणसे घराबाहेर पडली, मग भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबून काय उपयोग? दुसरे कारण असे की उंदीर म्हणजे लहानसा माणूस नव्हे. उंदराच्या मेंदूच्या वाहिन्यांत मुख्यतः पांढऱ्या पेशी गोळा होतात, माणसात परजीवीयुक्त तांबड्या. इतकेच काय, २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की टी.एन.एफ.चे जनुक काढून टाकलेले उंदीरही मेंदूच्या हिवतापाने मरतात, आणि त्याच्या चुलतभावाचे, लिम्फोटॉक्सिनचे, जनुक काढले तर वाचतात! तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हाच टी.एन.एफ. परजीवी मारायलाही लागतो. सुरुवातीला तो पुरेसा सुटला नाही तर परजीवी बेसुमार वाढतात.

गोंदियाचे रक्त, पुण्याची प्रयोगशाळा

एकट्या भोंग्यावर लक्ष ठेवून भागणार नाही, हे हळूहळू स्पष्ट झाले. गिरणीत एकच भोंगा असतो, शरीरात डझनावारी. काही 'चला' म्हणणारे, काही 'पुरे' म्हणणारे. इंटरल्युकिन-१०, ज्याला थोडक्यात आय.एल.-१० म्हणतात, हा मुख्यतः 'पुरे' म्हणणारा. टी.एन.एफ. वाढला आणि त्या मानाने आय.एल.-१० कमी पडला, तर मुलांना हिवतापात तीव्र रक्तक्षय होतो, असे १९९०च्या दशकाच्या अखेरीस घाना आणि केनियात आढळले.

या सगळ्या गोंगाटातून अर्थ काढण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाला. पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील सहकाऱ्यांबरोबर गोंदिया भागातील फाल्सिपेरमच्या रुग्णांचे रक्त अभ्यासले. रुग्णांचे तीन गट होते: साध्या हिवतापाचे, गंभीर हिवतापाचे आणि मेंदूच्या हिवतापाचे. प्रत्येकाच्या रक्तातला एकच सायटोकाइन न मोजता अनेक मोजले, आणि कोणते बरोबरीने चढतात-उतरतात हे गणिताने पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की हे रेणू टोळ्या करून वागतात. एक टोळी साध्या हिवतापाबरोबर, तर टी.एन.एफ. ज्या टोळीत आहे ती गंभीर आजाराबरोबर. लक्षात घ्या, 'पुरे' म्हणणारा आय.एल.-१० हाही याच दुसऱ्या टोळीत सापडला. घराला आग लागली की बंबही तिथेच दिसायचा. पण बंब दिसला म्हणून आग त्यानेच लावली, असे आपण म्हणत नाही. रक्तातले आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, आणि तो नेहमी सोपा नसतो.

शेजारच्या मध्य प्रदेशात, जबलपूरला, मेंदूच्या हिवतापाच्या रुग्णांवर असेच काम झाले. २००८ साली आलेल्या त्या अभ्यासात दगावलेल्या रुग्णांत आय.पी.-१० नावाचा आणखी एक निरोप्या ठळकपणे चढलेला होता. पांढऱ्या पेशींना 'इकडे या' म्हणून बोलावणे हे त्याचे काम. कोणता रुग्ण अधिक धोक्यात आहे, हे दाखल होतानाच ओळखायला अशा रेणूंचा उपयोग व्हावा, ही त्यामागची आशा.

मरणाचे शेवटचे कारण काय, यावर प्रकाश पडायला मात्र चुंबकीय यंत्राची मदत लागली. मलावीत टेरी टेलर आणि सहकाऱ्यांनी १६८ मुलांच्या मेंदूची चित्रे घेतली. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला हिशेब असा: २५ मुले दगावली आणि त्यांतल्या २१ जणांचा मेंदू अतिशय सुजलेला होता. कवटी म्हणजे हाडाचा डबा, फुगायला जागा नाही. सुजलेला मेंदू खाली सरकतो आणि श्वास चालवणारा भाग दाबला जातो. वाचलेल्यांपैकी काहींचा मेंदूही सुजला होता, पण त्यांची सूज एक-दोन दिवसांत उतरली. भिंतीची ओल वाळली. न मरता, न लुळे पडता मुले का उठतात, या जुन्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथे आहे.

तोपर्यंत उपचाराची बाजू दुसऱ्याच वाटेने पुढे गेली होती. क्विनीन प्रामुख्याने मोठ्या झालेल्या, म्हणजे चिकटून बसलेल्या परजीवींना मारते. चिनी वनस्पतीपासून मिळालेल्या आर्टेमिसिनिनचे भावंड आर्टेसुनेट हे अंगठीच्या वयातच त्यांना गाठते, चिकटण्यापूर्वी. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार या देशांतील १४६१ गंभीर रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २००५ सालच्या निकालानुसार क्विनीनच्या गटात शंभरात २२ दगावले, आर्टेसुनेटच्या गटात १५. आज गंभीर हिवतापात शिरेतून पहिले औषध दिले जाते ते हेच. मूळ द्रव्य शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षकांसाठी एक गोष्ट राहिली. युगांडातील कंपाला येथे मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या शाळकरी वयाच्या मुलांचा पाठपुरावा केला गेला. चालणे-बोलणे ठीक, दिसायला अगदी निरोगी. पण दोन वर्षांनंतरही चारांतल्या एकाच्या बौद्धिक क्षमतेत उणेपणा राहिला होता. बेशुद्ध असताना ज्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात टी.एन.एफ. जास्त आढळला होता, त्यांचे लक्ष लागणे आणि क्षणभर लक्षात ठेवणे सहा महिन्यांनी अधिक कच्चे निघाले. पाढे येत होते ते येईनात, फळ्यावरची ओळ वहीत उतरवेपर्यंत विसरायला होई. अशा मुलांसाठी तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावरचे लक्ष आणि स्मरणाचे खेळ वापरून पाहिले, काही आठवडे, ठरावीक तासांना, एकेका मुलाला शेजारी बसवून.